रिटर्न आणि ब्रीदरची अदलाबदल: जिप्सीत बदली फ्युएल सेल बसवतानाचं एक प्रकरण

ऑक्टोबरची दुपार. मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये जिप्सी उभी, इंजिन आदल्या रात्रीपासून बंद. एकच्या सुमारास मागच्या चाकाजवळ पेट्रोलची बारीक धार लागली. तीन-साडेतीन लिटर जमिनीवर गेल्यावर ती आपोआप थांबली. वॉचमनने दोन बादल्या वाळू टाकली आणि गाडी सावलीत ढकलायला लावली. दोन दिवसांनी गाडी पुन्हा उन्हात उभी राहिली आणि साधारण त्याच वेळी पुन्हा तेच झालं.

चालवायला मात्र गाडी ठणठणीत होती. पहिल्या सेल्फला सुरू, आयडल स्थिर, मिसिंग नाही. नवी टाकी बसवून चारच दिवस झाले होते.

गाडी आणि काम

मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसी, कार्बोरेटरवाली. म्हणजे २००० साली एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी पद्धत) येण्याआधीची. कंपनीची मूळ टाकी ४० लिटरची, मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे. मुंबईच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने ती वरच्या शिवणीजवळ सडली होती. गाडी फक्त ऑफरोड आणि ऑटोक्रॉसला (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) जाते, तीही ट्रेलरवर लादून. म्हणून मूळ टाकी न शोधता १० अमेरिकन गॅलनची, म्हणजे ३७.८ लिटरची फ्युएल सेल घेतली. (रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरटीओ आधी बघावं लागतं.)

इथे फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारा संच नव्हे. बाहेर धातूचा डबा, आत रबरी कापडाची पिशवी, तिच्यात सच्छिद्र फोम आणि वर एक प्लेट, अशी ही स्पर्धेच्या गाड्यांची टाकी. सगळी जोडणी त्या वरच्या प्लेटमधून होते. या सेलची प्लेट गोल होती, १२ बोल्टची. तिच्यावर एका ओळीत तीन तोंडं होती: मधलं मोठं, दोन्ही बाजूंची लहान आणि दिसायला अगदी जुळी. मधलं एएन-८, कडेची दोन्ही एएन-६ (ही होजच्या जोडांची मापं, आकडा मोठा तसं तोंड मोठं). कुठल्याही तोंडावर अक्षर कोरलेलं नव्हतं. सोबतच्या कागदावर एक आकृती होती: बाण गाडीच्या तोंडाकडे, मध्ये पुरवठा, डावीकडे रिटर्न, उजवीकडे व्हेंट, म्हणजे ब्रीदरचं तोंड.

गाडीच्या बाजूला चासीवरून येणाऱ्या तीन लोखंडी नळ्या. गॅरेजच्या भाषेत मेन, रिटर्न आणि ब्रीदर. मेनमधून पंप पेट्रोल ओढतो, रिटर्नमधून जास्तीचं पेट्रोल टाकीत परत येतं. ब्रीदर टाकीला श्वास देतो: पेट्रोल कमी होईल तशी हवा आत, तापेल तशी वाफ बाहेर. या गाडीत ब्रीदरची नळी टाकीवर साधारण ४० सेंटीमीटर वर जाऊन वळते आणि मागे फरशीखाली उघडी सुटते.

आधी काय करून पाहिलं

पहिला संशय सांध्यांवर गेला आणि त्यात वावगं काही नव्हतं. जुबली क्लिपा आवळल्या, भरण्याच्या टोपीची ओ-रिंग बदलली. फरक शून्य.

दुसरा उपाय घातक होता. धार ब्रीदरच्या टोकातून येते हे दिसल्यावर त्या टोकात एक बोल्ट ठोकून वर क्लिप मारली. गळती बंद झाली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुरूच होईना. प्लग ओले, सायलेन्सरमधून काळा धूर, डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास. टोपी सैल केली तेव्हा प्रेशर कुकरची शिटी उचलावी तसा फुस्स आवाज आला.

बोल्ट ठोकल्यावर काय झालं ते आकड्यांत बघू. पेट्रोलच्या वाफेचा दाब २५ अंशांना ढोबळमानाने ४० किलोपास्कल, तर ३८ अंशांना ६० च्या आसपास. सकाळी थंडाव्यात बंद झालेली टाकी दुपारी तापली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा २० ते २५ किलोपास्कलने, म्हणजे पाव बारच्या आसपास चढतो. डायफ्रॅमचा मेकॅनिकल पंप कार्बोरेटरला साधारण तेवढाच दाब देतो. पंपातल्या झडपा पुढच्या दिशेने उघडतात, त्यामुळे इंजिन बंद असतानाही टाकीतला दाब पेट्रोल पुढे रेटत राहतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तेवढ्यावर थोडीफार झिरपतेच. ते पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरलं. ब्रीदर बुजवणं हा कुठल्याच गळतीवरचा इलाज नाही. बोल्ट काढला, तेल आणि फिल्टर बदलले.

वेळेने दिलेला दुवा

सैल सांधा गळतो तो घड्याळ बघून गळत नाही. मेनचा सांधा सैल असेल तर थेंबही न पडता पंप हवा ओढतो. रिटर्नचा सैल असेल तर इंजिन चालू असताना ओल दिसते. इथे धार फक्त इंजिन बंद असताना, फक्त उन्हात, फक्त दुपारी आणि ब्रीदरच्याच टोकातून येत होती. म्हणजे पेट्रोल दाबाने ढकललं जात होतं आणि ढकलणारी होती टाकीतल्या मोकळ्या जागेतली वाफ.

पण ब्रीदरचं आतलं तोंड टाकीच्या माथ्यावर, पेट्रोलच्या वर असेल तर तापल्यावर त्यातून वाफच बाहेर पडेल. पेट्रोल बाहेर पडायला ते तोंड पेट्रोलमध्ये बुडलेलं हवं. सरबताच्या बंद बाटलीत बुडालेला स्ट्रॉ असावा आणि बाटली दाबावी, तसं.

त्या दिवशी सेलमध्ये साधारण २६ लिटर पेट्रोल होतं. फोमची जागा वजा जाता वर १० ते ११ लिटर मोकळं. पेट्रोलच्या पृष्ठभागापासून ब्रीदरच्या वळणाच्या माथ्यापर्यंत ४७ सेंटीमीटर. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट धरली तर तेवढं चढवायला साडेतीन किलोपास्कल पुरतात. दुपारी चढणारा दाब त्याच्या कितीतरी पट. २५ अंशांवरून ३८ पर्यंत तापताना वरची हवा-वाफ जवळपास दीडपट जागा मागते, म्हणजे पाच लिटरपर्यंत पेट्रोल बाहेर जाऊ शकतं. टाकी सगळीच तेवढी तापली नसणार, म्हणून साडेतीन. टाकी अर्धी रिकामी असती तर कमी गळली असती असं वाटतं, पण ते उलटं आहे. मोकळी जागा जितकी मोठी तितकी वाफ जास्त आणि ढकललेलं पेट्रोलही जास्त.

आणखी एक धोका या मांडणीत दडलेला होता. वळणावरून पेट्रोल एकदा खाली उतरलं की नळीचं उघडं टोक टाकीतल्या पातळीपेक्षा खाली असल्याने सायफन सुरू होतो. टाकी बंद असल्यामुळे आत थोडी पोकळी झाल्यावर तो थांबतो, म्हणून धार आपोआप आटत होती. पण वास येतोय म्हणून कोणी घाईने टोपी उघडली असती, तर आत हवा शिरून नळीच्या बुडापर्यंतचं सगळं पेट्रोल वाहून गेलं असतं. अशी धार दिसली तर टोपीला हात लावायचा नाही. नळीचं बाहेरचं टोक धरून टाकीच्या माथ्यापेक्षा वर उचलायचं, धार तिथेच तुटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकते आणि मुंबईच्या इमारतींत नेमकी गटाराच्या जाळीकडे नाहीतर पंपरूमच्या खड्ड्याकडे जाते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली की ठिणगी पुरते.

बीपीच्या फुग्याने चाचणी

कॉम्प्रेसर लावायचा मोह इथे टाळायचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत सात-आठ बार असतात आणि फ्युएल सेलची पिशवी त्यासाठी बनलेली नाही. तोंडाने तर कधीच फुंकायचं नाही. उत्तम हत्यार म्हणजे रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि त्याची डायल. पारा-मिलिमीटरमध्ये बारीक दाब दाखवते, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. मध्ये मीटरभर कोरडी नळी घालावी, नाहीतर वाफेने फुगा चिकट होतो. एकदा गॅरेजमध्ये आलेलं हे यंत्र परत घरात वापरायचं नाही.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. गाडी सावलीत, मोकळ्यावर, गार झाल्यावर. भरण्याची टोपी सावकाश उघडली. मग ब्रीदरची नळी प्लेटजवळ सोडली आणि ती ज्या तोंडावर होती त्या तोंडातून फुग्याने हळूहळू हवा दिली. पेट्रोलच्या वर उघडणाऱ्या तोंडात काटा शून्याजवळच राहायला हवा. इथे तो ८ पर्यंत चढला आणि भरण्याच्या तोंडातून गुडगुड ऐकू आली.

८ या आकड्यातून नळी किती खोल आहे तेही कळतं. पेट्रोलच्या एका सेंटीमीटरला साधारण ०.५४ मिलिमीटर पारा लागतो. म्हणजे नळीचं टोक पृष्ठभागाखाली १४ ते १५ सेंटीमीटर होतं. पेट्रोलची खोली १६ सेंटीमीटर. ही बुडाजवळ जाणारी रिटर्नची नळी होती.

आता रिटर्नची नळी ज्या दुसऱ्या तोंडावर होती तिथे हवा दिली. काटा हलला नाही, गुडगुड नाही. प्लेट काढल्यावर त्याच्या खाली गोळी असलेली रोलओव्हर झडप निघाली. हलवली की खडखडते. गाडी उलटली की गोळी बसून तोंड बंद होतं. रिटर्न या झडपेतून आत पडत होता आणि ब्रीदर बुडाच्या नळीतून श्वास घेत होता.

इंजिनाने तक्रार का केली नाही

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तीन नळ्यांत सहा जोडण्या शक्य आहेत, त्यातली एक बरोबर. मेन व्हेंटच्या तोंडावर गेली तर पंपाला हवाच मिळते आणि गाडी गॅरेजच्या गल्लीतच बंद पडते. रिटर्न आणि ब्रीदर बदलले तर असं काहीच होत नाही. परत येणारं पेट्रोल गोळीला खाली ढकलून आत पडतं. आत हवा हवी असली की ती बुडाच्या नळीतून बुडबुडे काढत येते. त्यासाठी पंपाला दीड किलोपास्कलचं जास्तीचं ओझं, जे त्याच्या खिजगणतीतही नाही. राउंड मारून आणलेली गाडी पास होते. «चालते ना, मग लाइनी बरोबरच» हे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारं वाक्य मेनबद्दल खरं आहे, बाकी दोघींबद्दल नाही.

दुष्परिणाम दिसतात ते इतर वेळी. उन्हात उभी असताना धार. तीव्र चढावर किंवा आडव्या उतारावर पेट्रोल उसळून गोळी बसली की रिटर्न अडतो, पंपाचा दाब वाढतो आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. ही तक्रार पुढे आलीच असती आणि दोष फ्लोटला गेला असता. गाडी उलटली तर सगळ्यांत वाईट: सेल घेतली ज्या सुरक्षेसाठी, ती रोलओव्हर झडप ब्रीदरच्या वाटेवर नाहीच. उघड्या नळीतून पेट्रोल सरळ बाहेर.

चूक झाली कुठे

मेकॅनिकने गाडीच्या तीन नळ्या व्यवस्थित ओळखल्या होत्या. कागदही वाचला होता. पण मेनचा होज मागून आणताना ताणला जात होता, म्हणून प्लेट अर्धा फेरा फिरवून बसवली. १२ भोकं सारख्या अंतरावर असल्याने ती तशीही चपखल बसली. मधलं तोंड मध्येच राहिलं आणि मेन बरोबर लागली. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. जोडणी मात्र कागदावरच्या डाव्या-उजव्याप्रमाणे झाली.

आकृतीतली डावी-उजवी बाजू प्लेटची असते, गाडीची नव्हे. प्लेट फिरली की कागद निरुपयोगी. जाडीवरून ओळखायचं तर दोन्ही एएन-६. रंगावरून ओळखायचं तर होज सगळे काळे. शेवटी नळी ओळखायची ती आत कुठे उघडते त्यावरून, आणि तसं बघायची सगळ्यांत सोपी वेळ म्हणजे सेल कोरडी असताना, गाडीत चढवायच्या आधी.

दोन्ही टोकं कशी ओळखावीत

गाडीची बाजू इंजिनाकडून सुरू करावी. या जिप्सीच्या पंपावर तीन निप्पल आहेत: टाकीकडून येणारा, कार्बोरेटरकडे जाणारा आणि रिटर्नचा. येणारा आणि रिटर्नचा होज बोटाने धरून चासीवरच्या नळीपर्यंत जायचं. जुन्या गाड्यांत मधेच कोणीतरी नळ्या बदललेल्या असतात, क्लिपांखाली त्या एकमेकींवरून जातात, तेव्हा नुसत्या डोळ्यावर विसंबायचं नाही. कॉइलची वायर काढून ठेवायची, मागच्या तिन्ही टोकांपैकी एक पेट्रोलच्या छोट्या डब्यात आणि बाकीची दोन वेगवेगळ्या पारदर्शक बाटल्यांत सोडायची आणि दहा सेकंद सेल्फ मारायचा. ओढते ती मेन. ठोक्याठोक्याने पेट्रोल येतं ती रिटर्न. काहीच करत नाही ती ब्रीदर. मेन भरायला वेळ लागतो, म्हणून मध्ये अर्धा मिनिट थांबून दोन-तीन वेळा करावं. या चाचणीला बॅटरी लागते, तेव्हा ती टाकी उघडण्याच्या आधीच उरकायची. सेल्फच्या ठिणग्या आणि उघडी टाकी एका वेळी नकोत.

टाकी रिकामी करण्याबद्दल. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय एका ठिकाणी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, तेही २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. भरलेली सेल गॅरेजमध्ये उपसायला घेतली की ही मर्यादा ओलांडली जाते. आधी टाकी पावपर्यंत उतरू द्यावी. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या कॅनमध्ये पेट्रोल काढणं अजूनही सर्रास चालतं, ते करू नये.

सेलची बाजू कोरडी ओळखायची. प्लेटचे बोल्ट काढून प्लेट उचलली की खालचं सगळं दिसतं. टोकाला जाळी किंवा पिकअप (बुडातून पेट्रोल ओढून घेणारं तोंड) असलेला लांब होज म्हणजे पुरवठा. नुसती उघडी नळी, लांब असो वा आखूड, रिटर्न. खडखडणारी झडप असलेलं तोंड व्हेंट. काही सेलमध्ये रिटर्न आखूड असतो आणि झडप प्लेटबाहेर वेगळी येते. मग आतून दोन्ही सारखे दिसतात आणि निर्णय आपल्या हातात राहतो. झडप जिथे लावाल ते व्हेंट. अशा वेळी रिटर्नला आत होज जोडून बुडाजवळ पण पिकअपपासून लांब न्यावा, म्हणजे वरून पडून फेस होत नाही.

आतल्या होजसाठी एक सूचना, कारण इथे हमखास फसगत होते. बाहेरून वापरायचा चांगला इंधन-होज टाकीत बुडवून चालत नाही. त्याचं आतलं अस्तर पेट्रोल सोसतं, बाहेरचं आवरण नाही. ते फुगतं आणि तुकडे पिकअपमध्ये जातात. बुडवायचा होज एसएई जे३० (इंधन-होजचं अमेरिकी मानक) आर१० मार्किंगचा हवा. बाहेर कार्बोरेटरच्या कमी दाबाला आर७ चालतो. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, म्हणून या गाडीत बाहेरही आर९ घातला. मार्किंग नसलेला, मीटरवर कापून मिळणारा काळा होज मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातही मिळतो. तो पाण्यासाठी ठीक आहे.

दुरुस्ती

प्लेट परत फिरवायची की होज अदलाबदल करायचे? प्लेट फिरवली असती तर पिकअप पुढच्या बाजूला गेला असता आणि लांब चढावर, पेट्रोल मागे सरकल्यावर, उघडा पडला असता. म्हणून प्लेट आहे तशीच ठेवून होज बदलले. काम दहा मिनिटांचं.

प्लेट उघडलीच होती म्हणून रोलओव्हर झडप तपासली. सरळ धरून फुग्याने हवा दिली, मोकळी गेली. उलटी धरून पुन्हा दिली, काटा २० वर जाऊन तिथेच थांबला. उलटी असताना काटा घसरला तर गोळीखालच्या बैठकीवर मळ आहे. गॅस्केट नवी घातली. बोल्ट तारेच्या आकारात, समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळले. एका बाजूने आवळत गेलं तर पिशवीची कड सुरकुतते आणि तिथून पेट्रोल पाझरतं.

प्लेटवर तिन्ही तोंडांजवळ लेटर पंचने अक्षरं ठोकली, अर्थात प्लेट टाकीपासून बाजूला असताना. होजच्या दोन्ही टोकांना तारेने पितळी बिल्ले बांधले. रंगीत टेप लावतात बरेच जण, पण पेट्रोलच्या हाताने ती वर्षभरात सुटते.

ब्रीदरचं बाहेरचं टोक तिरकं कापलं, बारीक जाळी लावली, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला नेलं. वळण टाकीच्या एका कडेवरून निघून दुसऱ्या कडेने खाली आणलं, म्हणजे गाडी कुठल्याही कुशीवर झाली तरी त्याचा काही भाग पेट्रोलच्या वर राहतो. सेलचा डबा, भरण्याची नळी आणि चासी वेणीच्या तांब्याच्या पट्टीने जोडले. रंगावर बोल्ट आवळून अर्थिंग होत नाही, खालचा धातू खरवडावा लागतो.

वाटेत सापडलेला दुसरा दोष

मेन लाइनला हाताचा व्हॅक्यूम पंप लावून पाहिला. ०.३ बारची ओढ मिनिटभरात निम्म्यावर आली. बाहेर ओलीचा मागमूस नव्हता, कारण ओढणाऱ्या लाइनचा सांधा गळत नाही, हवा घेतो. उन्हाळ्यात जोरात पळवताना याच गाडीने गोते खाल्ले असते.

दोष सेलच्या एएन-८ तोंडावरच्या नटमध्ये होता. सेलच्या तोंडाचं निमुळतं टोक, ज्यावर जोड टेकून सील होतं, ३७ अंशांच्या कोनाचं असतं. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणलेला जोड एसीच्या कामातला होता, ४५ अंशांचा. अर्ध्या इंचाच्या या मापात दोघांचे आटे एकच आहेत, पाऊण इंच १६ चे (पाऊण इंच व्यास, इंचाला १६ वेढे), त्यामुळे नट गोडीने बसतो. कोन मात्र फक्त एका रेषेवर टेकतात. एएन-६ मध्ये ही गफलत होत नाही. तिथे ३७ अंशांचा आटा नऊ-सोळांश इंच १८ चा आणि ४५ अंशांचा पाच-अष्टमांश इंच १८ चा, म्हणून नट चढतच नाही. ३७ अंशांचा जोड घातल्यावर पाच मिनिटांत काटा जागचा हलला नाही. या सांध्यावर टेफ्लॉन टेप लावायची नाही. सील कोनावर होतं, आट्यावर नाही, आणि टेपचे तंतू फ्लोटच्या सुईत जाऊन बसतात.

काट्याचं उलटं चालणं

टाकी भरली की डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा गेज रिकामी दाखवायचा, रिकामी होत आली की भरलेली. वायरिंगमध्ये काही चूक नव्हती. सेलचा सेंडर (टाकीतली पातळी गेजला कळवणारा भाग) ० ते ९० ओहमचा, रिकामी असताना शून्य. जिप्सीच्या गेजला उलट लागतं: टाकी भरत जाईल तसा रोध कमी. वायरी आलटून-पालटून हे सुटत नाही. रिकामी असताना २४० आणि भरलेली असताना ३३ ओहमचा सेंडर घातला तर दिशा बरोबर येते, पण टोकं जुळत नाहीत. इथे सेंडर तसाच ठेवून त्याच्या जोडीचा वेगळा गेज डॅशबोर्डखाली लावला.

एमपीएफआय गाडीत काय बदलेल

रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) दाबाचा रेग्युलेटर आणि टाकीत रिटर्न असलेली एमपीएफआय गाडी असेल तर हीच अदलाबदल लवकर कळते. तिथे पंप सतत भरपूर पेट्रोल फिरवतो आणि त्यातलं बरंचसं परत येतं. झडपेच्या अरुंद वाटेत ते अडतं, रेलचा दाब चढतो आणि गाडी रिच, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलवर चालते. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं, नाहीतर तीनेक बारची चिळकांडी तोंडावर येते. सेल्फ मारून ओळखायची वर सांगितलेली पद्धत या गाड्यांना लागू नाही.

पडताळणी

२६ लिटर भरून फुग्याची चाचणी तिन्ही तोंडांवर पुन्हा केली. व्हेंटवर शून्य, रिटर्नवर ८, पुरवठ्यावर ८ च्या जरा वर. पुरवठ्याचा काटा रिटर्नपेक्षा थोडा वर हवाच, कारण पिकअप आणखी खाली असतो. मग ब्रीदरच्या टोकाला पारदर्शक नळी जोडून ती उघड्या तोंडाच्या काचेच्या बाटलीत सोडली आणि गाडी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच उन्हात उभी केली, आसपास कोणी विडी-सिगरेट पेटवणार नाही अशा कोपऱ्यात. दोन दिवसांत बाटलीत थेंब जमला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी जॅकवर एका कुशीला २० अंश कलवून दोन्ही बाजूंनी तेच केलं. बाटली कोरडीच राहिली.

भरताना सेल ३४ लिटरच्या वर न्यायची नाही असं मालकाला सांगितलं. वरचा दहावा भाग तापलेल्या पेट्रोलला फुगायला मोकळा लागतो. पिशवीवरची उत्पादनाची तारीख प्लेटशेजारी ठोकून ठेवली. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) एफटी३-१९९९ प्रकारच्या पिशवीची मुदत पाच वर्षं असते, आणि नंतर बनवणाऱ्याने तपासून दिली तर आणखी दोन. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्लेटच्या कडेने कोरडा पांढरा कपडा फिरवायचा आणि भरण्याच्या तोंडातून फोमचा बारीक तुकडा चिमटीत धरून चुरगळून बघायचा. बोटांना भुसा लागला की फोम बदलायचा.